जुन्या गाडीसाठी एसी पंप: घेताना काय तपासायचं आणि कपाटात कसा टिकवायचा

पद्मिनी, अँबेसेडर, कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० किंवा ओम्नी, सुरुवातीच्या जिप्सी. या गाड्यांचा फ्युएल पंप म्हणजे इंजिनावर दोन बोल्टांनी बसलेली, कॅमशाफ्टच्या (इंजिनातल्या उंचवटेवाल्या फिरत्या दांड्याच्या) धक्क्यावर चालणारी डायफ्रामची, म्हणजे रबरी पडद्याची डबी. दुकानात तिला ‘एसी पंप’ म्हणूनच मागतात; गार हवेच्या एसीशी तिचा संबंध नाही. कॅम आर्मला किंवा रॉडला ढकलतो, डायफ्राम ओढला जातो, टाकीतून पेट्रोल वर येतं. धक्का सुटला की आतली स्प्रिंग डायफ्राम पुढे दाबते आणि पेट्रोल कार्ब्युरेटरकडे जातं. दोन व्हॉल्व्ह त्याला मागे फिरू देत नाहीत. एवढंच यंत्र.

यातली बॉडी चाळीस वर्षं टिकते. आर्म आणि पिन लाखभर किलोमीटरला झिजतात. डायफ्राम मात्र डब्यात पडून असला तरी म्हातारा होत जातो. म्हणून ‘सीलबंद डबा आहे, एकदाही लावलेला नाही’ असं सांगून कोणी १९९० च्या आसपासचा पंप पुढे केला, तर तुम्हाला नवी बॉडी आणि पस्तीस वर्षांचं रबर मिळतंय असं समजा. बॉडी जुनी चालेल, रबर ताजं हवं. पुढचं सगळं याच हिशेबाने.

पंपच गेलाय का, ते आधी

पेट्रोल उचलत नाही म्हटलं की पंपावर खापर फुटतं, पण निम्म्या वेळा दोष पंपाच्या मागे असतो. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलेलं असतं, टाकीतल्या पाइपाच्या जाळीत गंज साचलेला असतो, किंवा टाकीपासून पंपापर्यंतच्या रबरी होजला बारीक चिरा पडून तो हवा खात असतो. ओढणाऱ्या बाजूच्या होजमधून पेट्रोल गळत नाही, फक्त हवा आत जाते. त्यामुळे खाली डाग दिसत नाही आणि मेकॅनिकही फसतो.

कार्ब्युरेटरकडचा पाइप सोडून रुंद तोंडाच्या पारदर्शक बरणीत धरा. कॉइलची वायर काढून ठेवा म्हणजे ठिणगी पडणार नाही. मग दहा सेकंद सेल्फ मारा. प्रत्येक धक्क्याला जोरदार, तुटक पिचकारी आली आणि बुडबुडे नसले, तर पंप ठीक आहे. बुडबुडे येत असतील तर मागून हवा येते आहे. काहीच येत नसेल, तर पंपाचा ओढणारा पाइप सोडून पंपाच्या उंचीवर धरलेल्या पेट्रोलच्या डब्यात एक नवा होज बुडवा आणि पुन्हा सेल्फ मारा. आता पेट्रोल आलं, तर नवा पंप घ्यायची गरज नाही. टाकी, जाळी, होज बघा. हे काम उघड्यावर, थंड इंजिनावर करायचं आणि शेजारी कोणी विडी ओढत उभा राहणार नाही याची खात्री करायची.

दुसरी खूण जास्त गंभीर. ऑइलची पट्टी बाहेर काढून वास घ्या. पेट्रोलचा वास येतो आहे, पट्टीवरची पातळी गेल्या महिन्यापेक्षा वर आहे, ऑइल पातळ झालंय, असं असेल तर डायफ्राम फाटून पेट्रोल थेट सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलमध्ये उतरतंय. बहुतेक पंपांच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं. तिथून पेट्रोल ठिबकत असेल तरी अर्थ तोच. गाडी तिथेच थांबवा. नुसता पंप बदलून भागत नाही, ऑइल आणि फिल्टरही बदलावा लागतो, नाहीतर बेअरिंग जातात.

इथेनॉलमुळे काय बदललं

पेट्रोलमधलं इथेनॉलचं प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेलं. पद्मिनीचा डायफ्राम ज्या काळात बनला, तेव्हा हा विचार कोणाच्या डोक्यात नव्हता. जुनं नायट्राइल रबर इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये फुगतं, मऊ पडतं, आणि गाडी महिनाभर उभी राहून सुकलं की आकसून कडक होतं. बुचाच्या म्हणजे कॉर्कच्या पॅकिंगचंही तेच. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. त्या पाण्याने जस्त मिश्रधातूच्या बॉडीत पांढरी भुकटी धरते, टाकीच्या तळाशी गंज चढतो. शिवाय वर्षानुवर्षं टाकीत चिकटून बसलेला चिकटा इथेनॉल सोडवतं आणि तो सगळा पंपाच्या जाळीत येऊन अडकतो. म्हणून नवा पंप लावल्यावर पहिल्या पाचशे किलोमीटरमध्ये फिल्टर दोनदा बदलायची तयारी ठेवा.

विकत घेताना विचारायचं ते रबराचं नाव. डायफ्राम आणि व्हॉल्व्ह फ्लोरोकार्बन रबराचे, म्हणजे बाजारात ज्याला ‘व्हिटॉन’ म्हणतात त्याचे असतील तर उत्तम. चांगल्या प्रतीचं, कापडाचा थर असलेलं आधुनिक नायट्राइल चालतं, पण ते दर दोन-तीन वर्षांनी बदलायचं असं धरून चाला. होजच्या बाबतीत तर अंगावर छापलेलंच असतं: एसएई जे३० या मानकातले आर६ आणि आर७ हे साधे, आर९ ला आतून फ्लोरोचं अस्तर. किंमत दुप्पट-तिप्पट असली तरी आर९ घ्या. पंपावर खर्च करायचा आणि होज मात्र सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबसारखा कुठलातरी लावायचा, हा प्रकार गॅरेजमध्ये रोज दिसतो.

दुकानदाराला रबराचं नाव सांगता येत नसेल, आणि बहुधा येत नाही, तर एक जादा किट (डायफ्राम, व्हॉल्व्ह, पॅकिंग असा दुरुस्तीचा संच) घेऊन त्यातल्या डायफ्रामची कडेची पट्टी कापा. बरोबर ५० मिमी लांब. घट्ट धातूच्या झाकणाच्या लहान काचेच्या बरणीत, आपण भरतो त्याच पंपावरच्या पेट्रोलमध्ये ती आठवडाभर बुडवून ठेवा. बरणी घराबाहेर, सावलीत, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी. आठवड्याने बाहेर काढून लगेच मोजा. ५२ ते ५२.५ मिमी भरली तर हरकत नाही. ५५ मिमी झाली तर ते रबर घनफळात सुमारे एक तृतीयांश फुगलंय, ते नको. मग पट्टी दोन दिवस वाळू द्या आणि बोटावर दुमडा. दुमडीवर पांढरी रेघ किंवा चीर दिसली, तरीही नको. पाच मिनिटांचं मोजमाप आहे, आणि छापील ‘इथेनॉल-प्रूफ’ लेबलापेक्षा त्यावर जास्त भरवसा ठेवता येतो.

दुकानात हातात घेतल्यावर

जुना पंप सोबत न्या. फोटोवर भागवू नका. एकाच मॉडेलच्या गाडीत वर्षागणिक फ्लँज (पंपाचा इंजिनावर टेकणारा, बोल्टच्या भोकांचा भाग), पाइपांचे कोन आणि आर्मचा बाक बदललेले असतात. बोल्टच्या भोकांमधलं अंतर, आर्म वर वळतो की खाली, पाइपांची तोंडं कुठल्या दिशेला आहेत आणि किती आहेत, हे एकावर एक ठेवून जुळवा. मारुतीच्या पंपाला तीन तोंडं असतात: येणारं, जाणारं आणि जादा पेट्रोल टाकीकडे परत नेणारं. दोन तोंडांचा पंप तिथे बसवला तर उन्हाळ्यात त्रास देतो, कारण परतीच्या पाइपातून गरम पेट्रोल आणि वाफ निघून जात असते. ती वाट बंद करणं म्हणजे वेपर लॉकला, म्हणजे वाफेने पेट्रोल अडण्याला, आमंत्रण.

हाताने करायच्या चाचण्या दोन. येणाऱ्या तोंडावर बोट घट्ट दाबा आणि आर्म पूर्ण दाबा. बोट ओढलं गेलं पाहिजे आणि ती ओढ तीन-चार सेकंद टिकली पाहिजे. मग जाणाऱ्या तोंडावर बोट ठेवा, परतीचं तोंड असेल तर तेही बंद करा, आर्म दाबून सोडा. आर्म सैल परत येतो, पण आत कोंडलेली हवा बोटाखाली जाणवत राहायला हवी. ती लगेच विरली तर व्हॉल्व्ह बसत नाही. आर्म हलवताना कट्-कट् असा कोरडा खडखडाट किंवा आडवी ढिलाई असेल, तर पिन झिजलेली आहे. रंग मारून चकाचक केलेला वापरलेला पंप बहुतेकदा इथेच पकडला जातो.

मग पंपाच्या कमरेकडे बघा, जिथे वरचा आणि खालचा भाग जुळतो. तिथे डायफ्रामची कड बाहेर डोकावते. ती नखाने दाबून पाहा: लवचीक हवी, पुठ्ठ्यासारखी कडक नको. दोन भाग स्क्रूने जोडलेले आहेत की पत्रा दुमडून कायमचे बंद केलेले, हेही बघा. निवड करता येत असेल तर स्क्रूवालाच घ्या, भाव जास्त असला तरी. दुमडलेल्या पंपात किट टाकता येत नाही; त्याचं रबर गेलं की अख्खा पंप भंगारात.

डुप्लिकेट मालाची ओळख डब्यावरून कमी आणि ओतकामावरून जास्त होते. बॉडीच्या कडांना ओतकामाची धार तशीच राहिलेली, पाइपाची नळी हाताने हलते, स्क्रूंची डोकी वेगवेगळी, डब्यावरचा पार्ट नंबर आणि बॉडीवरचा नंबर जुळत नाही. यातलं एक जरी दिसलं तरी परत ठेवा. कंपनीच्या मालावर होलोग्राम, छापील किंमत आणि पॅकिंगचा महिना-वर्ष असतो. तो महिना वाचा. डबा किती काळ फडताळावर होता ते तिथेच कळतं. बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या. ‘पंप १ नग’ एवढ्या बिलावर कोणी माल परत घेत नाही.

कुठे शोधायचं? मुंबईत ऑपेरा हाऊसच्या आसपासच्या स्पेअर पार्टच्या गल्ल्या, वापरलेल्या मालासाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड, आणि धीर असेल तर चोर बाजार. पुण्यात नाना पेठ. रविवारी आणि बुधवारी जुना बाजार. अँबेसेडरचा कारखाना बंगालमध्ये उत्तरपाड्याला होता, त्यामुळे तिचा जुना माल कोलकात्याच्या मल्लिक बाजारात अजून निघतो. दिल्लीला काश्मिरी गेट आणि मायापुरी, चेन्नईला पुदुपेट. ऑनलाइन शोधताना गाडीचं परदेशी नाव उपयोगी पडतं. पद्मिनीसाठी फियाट ११०० डी, जिप्सीसाठी सुझुकी एसजे किंवा सामुराई, जुन्या १४८९ सीसी अँबेसेडरसाठी बीएमसी बी-सीरिज इंजिन. पण विकणाऱ्याकडून फ्लँजचा खालचा चेहरा, आर्म बाजूने आणि पार्ट नंबर असे तीन स्वच्छ फोटो मागवल्याशिवाय पैसे पाठवू नका. बी-सीरिजमध्ये आर्मचे आकार वेगवेगळे आहेत, आणि चुकीचा आर्म कॅमला खातो.

पॅकिंगची जाडी

यावर सर्वात कमी लक्ष दिलं जातं, म्हणून जरा सविस्तर. पंप आणि इंजिन यांच्यामध्ये काळ्या बेकेलाइटचा एक ठोकळा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कागदी पॅकिंग. ठोकळ्याचं एक काम इंजिनाची उष्णता पंपापर्यंत येऊ न देणं. दुसरं काम म्हणजे कॅमचा धक्का पंपाला किती लागेल ते ठरवणं. रॉडवर चालणाऱ्या पंपात तर रॉड किती मिलिमीटर बाहेर येतो ते पूर्णपणे या जाडीवर अवलंबून असतं.

नव्या पंपासोबत आलेली पॅकिंग जाड असली, किंवा कोणी जुन्यावरच नवी चिकटवली, तर धक्का कमी पडतो. गाडी सुरू होते, गल्लीत नीट चालते, पण हायवेवर ऐंशीच्या पुढे पेट्रोल कमी पडून झटके मारते. लोक कार्ब्युरेटर तीनदा साफ करून घेतात. उलट ठोकळा तुटला म्हणून काढून टाकून नुसत्या कागदावर पंप बसवला, तर रॉड जास्त आत घुसतो. डायफ्राम प्रमाणाबाहेर ताणला जातो, आर्म तुटतो किंवा कॅमचा उंचवटा घासला जातो, आणि वरून पंप तापून वेपर लॉक होतो ते वेगळंच.

म्हणून पंप उतरवल्यावर जुना ठोकळा आणि पॅकिंग व्हर्नियरने एकत्र मोजून जाडी लिहून ठेवा. नवी चळत तेवढीच भरली पाहिजे. ठोकळ्याला तडा असेल तर नवा घ्या. पंपासोबतच्या डब्यात तो सहसा नसतो, वेगळा मागावा लागतो. बोल्ट घट्ट करायच्या आधी इंजिन हाताने फिरवून कॅमचा उंचवटा पलीकडे न्या, म्हणजे पंप जोर न लावता फ्लँजवर टेकतो. जोर लावून बोल्टांनी ओढून बसवला तर फ्लँजचा कान तुटतो. मिश्रधातू आहे, वाकत नाही, सरळ तुटतो.

किट टाकताना

जुनी बॉडी चांगली असेल तर नवा पंप घेण्यापेक्षा किट टाकलेलं बरं. उघडण्याआधी दोन्ही भागांवर कानशीने एक आडवी रेघ ओढा, म्हणजे पाइपांची दिशा चुकत नाही. व्हॉल्व्ह दोन्ही सारखे दिसतात, पण एक सुलटा आणि एक उलटा बसतो. काढण्याआधी फोटो घ्या. फ्लँजचे चेहरे काचेवर ठेवलेल्या बारीक पॉलिश पेपरवर घासून सपाट करा.

स्क्रू आधी बोटाने लावा, मग आर्म पूर्ण दाबून धरा आणि त्याच अवस्थेत समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे करत घट्ट करा. आर्म न दाबता घट्ट केला तर डायफ्राम ताठ बसतो, त्याला हलायला सैलपणा उरत नाही आणि काही महिन्यांत मधल्या चकतीच्या कडेला फाटतो. सिलिकॉन किंवा कुठलाही पेस्ट लावू नका. पेट्रोलमध्ये त्याचे तुकडे सुटतात आणि थेट कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे बारीक भोकात, जाऊन बसतात.

कार्ब्युरेटरच्या गाडीला ०.२ ते ०.३ बार, म्हणजे साधारण ३ ते ४ पीएसआय दाब पुरतो. टी-जोड लावून शून्य ते एक बारच्या मीटरवर तो बघता येतो. त्याहून बराच जास्त झाला तर फ्लोटची सुई पेट्रोल अडवू शकत नाही, गाडी ओव्हरफ्लो होते.

इलेक्ट्रिक पंपाचा मोह

मूळ पंप मिळत नाही म्हणून १२ व्होल्टचा छोटा चौकोनी इलेक्ट्रिक पंप लावायचा मोह होतो. चालतो, पण ४ पीएसआयच्या आतलाच घ्या. मल्टिपॉइंट इंजेक्शनच्या, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी दाबाने पेट्रोल फवारणाऱ्या गाडीची पंपाची मोटर साधारण ३ बारची असते. ती कार्ब्युरेटरला लावणं म्हणजे इंजिनावर पेट्रोल ओतणं. इलेक्ट्रिक पंप ढकलण्यात हुशार, ओढण्यात कच्चा. म्हणून तो टाकीजवळ, शक्य तितका खाली बसवायचा; टाकीकडून आधी फिल्टर, मग पंप. वायर थेट इग्निशनवरून नेली तर अपघातात इंजिन बंद पडलं तरी पंप पेट्रोल ओततच राहतो. रिले घ्या, तो ऑइल प्रेशर स्विचवरून चालवा, आणि लाइनमध्ये फ्यूज टाका. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू बॉडीला असू शकते आणि युद्धकाळातल्या जीपला ६ व्होल्टची बॅटरी असते. पंप मागवण्याआधी बॉनेट उघडून बघा. मूळ पंपाच्या जागी झाकणपट्टी लावायला विसरू नका, नाहीतर तिथून ऑइल उडतं.

टाकीतली मोटर

२००० नंतरच्या मल्टिपॉइंट मारुती ८००, झेन, सँट्रो अशा गाड्यांची मोटर टाकीत बुडलेली असते. यांचा माल अजून सहज मिळतो, त्यामुळे वर्षानुवर्षं साठवून ठेवण्यात अर्थ नाही. लागेल तेव्हा ताजी घ्या. नुसती मोटर की पूर्ण असेंब्ली, हे प्रेशर रेग्युलेटर कुठे आहे, तरंगा (पेट्रोलची पातळी दाखवणारा) नीट काम करतो का आणि प्लास्टिकच्या खुंट्या तुटल्यात का यावर ठरवा. नुसती मोटर घेतली तरी तळाची जाळी आणि टाकीच्या तोंडाची रिंग नवीच हवी. जुनी रिंग बाहेर काढल्यावर फुगते आणि पुन्हा खाचेत बसत नाही. मोटर आणि असेंब्ली यांमधला छोटा होज पेट्रोलमध्ये बुडालेला असतो, त्याला बाहेरून लावायचा होज चालत नाही. जे३० आर१० लागतो. साधा लावला तर तो बाहेरच्या बाजूने विरघळून काळा चिखल करतो.

मोटर बदलण्याआधी कनेक्टरवर, मोटर चालू असताना, व्होल्टेज मोजा. साडेअकराच्या खाली येत असेल तर दोष वायरिंगमध्ये किंवा रिलेत आहे, आणि नवी मोटरही तशीच मरेल. टाकीत गंज असेल तर आधी टाकी उतरवून साफ करा. नवी मोटर दुकानात बॅटरी लावून ‘फिरतेय बघा’ असं दाखवू देऊ नका: तिचे बुश आणि ब्रश पेट्रोलवर थंड राहतात, कोरड्या फिरवलेल्या काही सेकंदांतही ओरखडतात.

कपाटात ठेवताना

रबराच्या साठवणुकीसाठी आयएसओ २२३० हे मानक आहे. त्याच्या हिशेबाने नैसर्गिक रबर पाच वर्षं, नायट्राइल सात, फ्लोरोकार्बन दहा वर्षं टिकतं, तेही २५ अंशांच्या खाली, ७० टक्क्यांपेक्षा कमी आर्द्रतेत, अंधारात. आपल्याकडे नागपूरचा मे आणि रत्नागिरीचा जुलै, दोन्ही या अटी मोडतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की रबराचं आयुष्य ढोबळ मानाने निम्मं होतं, हे लक्षात घेऊन नायट्राइलची किट तीन-चार वर्षांपेक्षा जास्त धरू नका.

म्हणून दुर्मीळ गाडी असेल तर दोन बॉड्या डायफ्रामशिवाय ठेवा आणि रबर दर तीन वर्षांनी ताजं आणा. रोजची गाडी असेल तर एक पूर्ण पंप आणि एक किट पुरे. स्वस्त मिळाले म्हणून दहा पंप घेऊन ठेवणाऱ्याकडे काही वर्षांनी दहा भंगार पंप असतात.

बॉडी ठेवण्याआधी पूर्ण कोरडी करा, पिनवर आणि स्प्रिंगवर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडा, तेल रबराला लागू देऊ नका. सगळ्या तोंडांना प्लास्टिकची टोपणं लावा. कापसाचे बोळे नकोत, धागे आत जातात आणि ओल धरतात. मग खाकी कागदात गुंडाळून, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह झिपच्या पिशवीत आणि त्यावर घट्ट झाकणाचा डबा. वर्तमानपत्रात गुंडाळलं तर कोकणात आणि गोव्यात एका पावसाळ्यात कागद ओला होऊन बॉडीवर पांढरे डाग उमटतात. आर्म दाबलेल्या अवस्थेत राहणार नाही असा पंप ठेवा, आणि डायफ्राम सपाट, दुमडू नका, खिळ्याला टांगू नका.

जागा निवडताना माळा टाळा, पत्र्याखाली तिथे उन्हाळ्यात पन्नास अंश सहज होतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीशेजारी ठेवू नका, ॲसिडची वाफ धातू खाते. वेल्डिंग आणि ग्राइंडर चालतो त्या खोलीत ओझोन होतो, त्याने रबराला बारीक चिरा पडतात. डांबराच्या गोळ्या असलेल्या कपड्यांच्या कपाटातही नको. ती वाफ रबरात शिरते. घरातलं आतल्या भिंतीचं, खालच्या खणाचं कपाट सर्वांत बरं. डब्यावर तीन गोष्टी लिहा: गाडी आणि पार्ट नंबर, घेतल्याची तारीख, रबर कुठलं. दरवर्षी पावसाळ्यानंतर डबा उघडून आर्म दहा-बारा वेळा दाबा, बोटाची चाचणी करा, सिलिका जेल तव्यावर मंद आचेवर गरम करून किंवा नवं घालून बंद करा.

गाडीवरून काढलेला चालू पंप ‘असू दे स्पेअर’ म्हणून ठेवला जातो, तिथे घोटाळा होतो. एकदा पेट्रोल प्यायलेलं नायट्राइल सुकलं की आकसतं आणि तडकतं. आत राहिलेल्या पेट्रोलचा चिकटा व्हॉल्व्ह धरून ठेवतो. तो पंप काढल्याच दिवशी झटकून रिकामा करा, सावलीत दोन दिवस वाळवा, आणि डब्यावर ठळक लिहा: ‘किट टाकूनच लावणे’. टाकीतली मोटर घेऊन ठेवायचीच असेल तर कारखान्याची टोपणं काढू नका, पेट्रोलमध्ये बुडवून चाचणी करू नका. आत राहिलेलं पेट्रोल काही महिन्यांत डिंक होतं आणि ती पहिल्याच वेळी अडकते.

लांबच्या प्रवासाला निघताना डिकीत पंप ठेवायला हरकत नाही, पण परत आल्यावर बाहेर काढा. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत एका उन्हाळ्यात जेवढं रबर म्हातारं होतं तेवढं कपाटात दोन-तीन वर्षांतही होत नाही. सोबत काय न्यायचं? तयार पंप, मोजलेल्या जाडीची पॅकिंगची चळत, आर९ होजचा हातभर तुकडा, चार क्लिपा आणि दोन फिल्टर. कसारा किंवा खंबाटकीच्या चढावर पंप तापून पेट्रोल उचलेनासं झालं तर आधी गाडी सावलीत उभी करून पंपावर ओलं फडकं टाका आणि वीस मिनिटं थांबा. थंड झाल्यावर पेट्रोल आलं तर पंप बदलायला बसू नका. घरी आल्यावर बेकेलाइटचा ठोकळा आणि परतीचा पाइप बघा.